दुपारच्या भाकरीचे नाव



ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या समारंभात भोजनाचा विषय निघाला, तर तो समारोपाच्या पंगतीसंबंधी असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र पंगत नसून एक शब्द आहे. अथवा अधिक नेमकेपणाने बोलायचे, तर एका शब्दाचा अभाव आहे. सकाळच्या खाण्याला मराठीत न्याहारी हे स्वतंत्र नाव आहे. संध्याकाळच्या जेवणाला जुन्या मराठीत व्याळी किंवा व्याळू म्हणत. विकाल म्हणजे सायंकाळ, त्यावरून तो शब्द आला. परंतु दिवस माथ्यावर आला असता माणूस जे खातो, त्याला मराठीत एकशब्दी नाव नाही. ‘दुपारचे जेवण’ असे म्हणावे लागते. म्हणजे एक वेळ सांगावी लागते आणि एक क्रिया. शासकीय भाषेत ‘मध्याह्न भोजन’ म्हटले, तरी जोडणी तीच. ज्या जेवणावर दिवसाचे सारे श्रम तोलले जातात, त्यालाच भाषेने नाव देऊ नये, याचे कारण काय असावे?

या प्रश्नाचा शोध घेण्यास आदिलाबाद जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण नाही. पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या काठावर आदिलाबाद. बेला, जैनथ, तांसी या भागांत मराठी ही घरची भाषा आहे. तेलुगू ही राज्याची आणि शेजाऱ्याची. उटनूरच्या डोंगरपट्ट्यात गोंडी आणि कोलामी. आणि बाजारात या सर्वांना सांधणारी दखनी उर्दू. १९०५ साली निजामाच्या राज्यात हा जिल्हा आकाराला आला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलुखात गेले आणि नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका इकडे आला. २०१६ साली या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा हलत राहिल्या, तरी कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात बांधावर बसून दुपारी खाणारी माणसे तिथेच राहिली. एकाच बांधावर दोन-तीन भाषांचे मजूर बसतात, आणि त्या खाण्याला प्रत्येकाचे नाव वेगळे असते.

प्रथम ‘जेवण’ हाच शब्द पाहू. त्याचे मूळ संस्कृत ‘जेमन’. अमरकोशात भोजनवाचक शब्दांच्या मालिकेत तो आलेला आहे. प्राकृतात त्याचे ‘जेमण’ झाले आणि तेथून मराठीत जेवण, गुजरातीत जमण, हिंदी-राजस्थानीत जीमना अशी भावंडे जन्मली. या शब्दात वेळेची कोणतीही खूण नाही. तरीही जुन्या नागर घरांत ‘जेवायला या’ असे आमंत्रण आले, तर ते दुपारचे, हे सांगावे लागत नसे. स्नान, देवपूजा, वैश्वदेव, नैवेद्य आणि मग पान, असा तो क्रम होता. दिवसाचे मुख्य जेवण दुपारचेच असल्याने त्याला वेगळ्या नावाची गरज पडली नाही. जे मुख्य असते ते बिननावाचे राहते. नाव लागते ते आगळ्याला. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

परंतु ते अर्धेच उत्तर होय. चूल घरात आणि काम रानात, अशी ज्यांची स्थिती, त्यांच्या बोलीत ‘जेवण’ हा शब्द पुष्कळदा रात्रीकडे सरकलेला आढळतो. शेतकरी दुपारी ‘भाकर खातो’ आणि रात्री ‘जेवतो’. ‘भाकर खाल्ली का?’ हा बांधावरचा प्रश्न आणि ‘जेवण झालं का?’ हा दिवेलागणीनंतरचा. हा फरक केवळ शब्दांचा नाही. दुपारी समोर येते ती सकाळी थापलेली, फडक्यात बांधून आणलेली, गार झालेली भाकर. सोबत चटणी, कांदा, कधी झुणका. चुलीजवळ बसून ताजे, ऊन अन्न खाण्याचा योग येतो तो रात्रीच. म्हणून ‘जेवण’ या प्रतिष्ठित शब्दाचा मान रात्रीला मिळाला आणि दुपारला पदार्थाचेच नाव पुरले. एकाच भाषेत, एकाच गावात, ‘जेवण’ हा शब्द एका घरी मध्यान्हीचा आणि दुसऱ्या घरी रात्रीचा असावा, यात कोणाला घराची सावली होती आणि कोणाला नव्हती, याची नोंद आहे.

घरच्या सावलीतही एक तिसरा वर्ग होता, त्याची आठवण येथे ठेवली पाहिजे. पहिली पंगत, दुसरी पंगत, मुलेबाळे, आला-गेला, हे सर्व उरकल्यावर मागून जेवणाऱ्या स्त्रीच्या जेवणाला निश्चित वेळही नव्हती. आणि बांधावरची भाकर जिने पहाटे उठून थापली, ती पुष्कळदा स्वतःच डोईवर घेऊन रानात पोचवीत असे आणि उरलीसुरली तेथेच खात असे. शब्दकोशात ‘भाकर’ या नोंदीखाली हे लिहिलेले नसते.

आता वेळदर्शक शब्द. ‘दुपार’ म्हणजे द्विप्रहर. दिवसाचे चार प्रहर धरले, म्हणजे सूर्योदयापासून दोन प्रहर लोटले की दुपार होते. हिंदीतील ‘दोपहर’ हे त्याचेच सख्खे भावंड. ‘मध्याह्न’ म्हणजे दिवसाचा मध्य. यातील ‘ह्न’ हे जोडाक्षर मराठी जिभेला अवघड. म्हणून बोलण्यात ‘न्ह’ झाला आणि लेखनात ‘मध्यान्ह’, ‘माध्यान्ह’ अशी रूपे रूढ झाली. शुद्धलेखनाचे आग्रही त्यांना नावे ठेवतात. पण ज्या उच्चाराने पिढ्या जेवल्या, त्याला अशुद्ध म्हणताना थोडे थांबावे. तेलुगूनेही हाच शब्द ‘मध्याह्नम्’ म्हणून घेतला. दोन्ही भाषांनी उसना घेतलेला हा शब्द आदिलाबादच्या कचेरीत आणि शाळेत सारखाच चालतो. रानात मात्र तो फारसा जात नाही.

जेवणाचे शब्द दिवसभरात जागा बदलत असतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘न्याहारी’. हा शब्द फारसीतून उर्दूच्या वाटेने आला. फारसीत ‘नाहार’ म्हणजे मुळात ज्याने काही खाल्लेले नाही तो, उपाशी. ‘न’ आणि ‘आहार’ अशी त्याची फोड कोशकार करतात. उर्दूत आजही ‘निहार मूँह’ म्हणजे उपाशीपोटी. त्या उपाशीपणावर जे पहिले खाणे, ती नहारी. मराठीत तिचीच न्याहारी झाली. आणि गंमत अशी की, आजच्या इराणमध्ये ‘नाहार’ म्हणजे दुपारचे जेवण! उपाशीपणाचे नाव इकडे सकाळच्या घासाला मिळाले, तिकडे दुपारच्या ताटाला. इंग्रजीतील ‘डिनर’ची कथाही अशीच आहे. त्याचे लॅटिन मूळ उपास सोडण्याचे, म्हणजे सकाळचे. पुढे तो शब्द दुपारी आला आणि शेवटी रात्रीचा होऊन बसला. भुकेचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांचा मेळ कोणत्याच भाषेत कायमचा बसलेला नाही.

पैनगंगेच्या पुलावर हा प्रकार प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. ‘टिफीन’ हा अँग्लो-इंडियन अमदानीतला शब्द; साहेब लोक दुपारच्या हलक्या खाण्याला तो वापरीत. नदीच्या महाराष्ट्राकडील बाजूस टिफीन म्हणजे दुपारचा डबा. पूल ओलांडून आदिलाबादेत आले की टिफीन म्हणजे सकाळची इडली, डोसा, उपमा. तिकडून नवखा आलेला मराठी माणूस दुपारी एक वाजता ‘टिफीन’ मागतो आणि ‘ते सकाळीच संपले’ असे ऐकून चकित होतो. ‘डबा’ या शब्दाचेही तेच. मुंबईत १८९०च्या सुमारास डबेवाल्यांचा व्यवसाय सुरू झाला आणि गिरणगाव-कचेऱ्यांच्या त्या शहरात भांड्याचे नाव आतल्या अन्नाला मिळाले. ‘डबा खाल्ला’ या वाक्यातील विसंगती आता कोणालाही जाणवत नाही.

भांड्याचे नाव अन्नाला मिळण्याच्या कितीतरी आधी गाठोड्याचे नाव मिळालेले होते, ते म्हणजे ‘शिदोरी’. दुपारच्या खाण्याच्या सर्व मराठी शब्दांत हा सर्वांत जुना आणि सर्वांत समृद्ध शब्द. वाटसरूची, गुराख्याची, वारकऱ्याची ती शिदोरी. संस्कृतात यासाठी ‘पाथेय’ आणि ‘शंबल’ असे शब्द आहेत. पण मराठीने आपला देशी शब्द राखला. कोशकार त्याचा संबंध सामान्यतः ‘सिद्ध’ या शब्दाशी, म्हणजे शिजवून तयार केलेल्या अन्नाशी लावतात. ‘शिधा’ हाही त्याच कुळात धरला जातो. व्यवहारात मात्र दोघांनी वाटून घेतले आहे. शिधा कोरडा, तो अजून शिजायचा. शिदोरी शिजलेली, ती उघडून खायची.

आदिलाबादच्या त्याच बांधावर तेलुगू भाषक मजुराचे गाठोडे असते. त्याला तो ‘सद्दि’ म्हणतो; गाठोडे म्हणजे ‘सद्दि मूट’. शिदोरी आणि सद्दि ही नावे कानाला इतकी जवळची वाटतात की, हा एकच शब्द दोन्हीकडे गेला असावा, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. ‘सद्दि’चे प्रमाण तेलुगू रूप ‘चद्दि’ आणि त्याहून जुने ‘चल्दि’. तेलुगूत ‘चलि’ म्हणजे थंडी. चल्दि म्हणजे गार झालेले अन्न, रात्रीचा उरलेला भात. मराठीने त्या गाठोड्याकडे पाहिले आणि ‘शिजवलेले’ म्हटले. तेलुगूने पाहिले आणि ‘गार झालेले’ म्हटले. एकीने चूल आठवली, दुसरीने वाट. ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याची घाई करू नये, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा येथे बांधावरच मिळतो.

रक्ताचे नाते नसले, तरी सोबतीचे नाते आहेच. यमुनेच्या काठी कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि सर्वांना वाटल्या, ही कथा मराठी माणसाला काल्याच्या रूपाने ठाऊक आहे. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. पंधराव्या शतकातील तेलुगू कवी पोतन यांच्या भागवतात हाच प्रसंग अतिशय लोकप्रिय आहे, आणि तेथे गोपाळ जे खातात ती ‘चल्दि’. तेलंगणात बतुकम्माच्या सणाचा शेवटचा दिवस ‘सद्दुल बतुकम्मा’ म्हणून साजरा होतो. स्त्रिया आपापल्या घरची सद्दि नेतात आणि फुलांचे विसर्जन झाल्यावर एकमेकींना वाटतात. दुपारचे गाठोडे एकट्याने सोडू नये, ही जाणीव दोन्ही भाषांत सणाच्या पदवीला पोचली आहे.

डोंगरपट्ट्यात गेल्यावर आणखी एक थर उलगडतो. गोंडी, कोलामी आणि तेलुगू या तिन्ही द्राविड कुळातील भाषांत ‘खाणे’ या क्रियेचा धातू ‘तिन्’ हाच आहे. तेथील जुने अन्न म्हणजे ज्वारीच्या किंवा मक्याच्या भरड्याची घट्ट ‘गटक’ आणि पातळ ‘अंबली’. अंबली म्हणजे मराठी घरातील आंबीलच. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांचा उठाव चिरडला गेला, त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे गोंडांच्या प्रश्नाचा अभ्यास सोपविला. त्यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाचे केंद्र उभे राहिले, आणि त्या मुलांसाठी गोंडी भाषेची पहिली पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली; कारण त्या मुलुखात मराठीचा वावर होता. याच भागात हैदराबाद संस्थानचे एक मराठी अधिकारी, पुढे इतिहासकार म्हणून विख्यात झालेले सेतुमाधवराव पगडी, यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा आत्मसात करून त्यांची व्याकरणे लिहिली. ज्यांच्या भाषेला कचेरीत कोणी भाषा म्हणत नव्हते, त्यांच्या ताटातील आणि तोंडातील शब्द एका सरकारी अधिकाऱ्याने लिहून ठेवले, ही घटना ग्रंथप्रेमी मंडळींनी विसरू नये अशी आहे.

अशा नोंदींची निकड वाढली ती गेल्या चार दशकांत. १९८३ साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. गरिबाच्या घरात भात शिजू लागला, ही मोठीच गोष्ट. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्वारीच्या मुलुखात भात आला, तेव्हा बांधावरच्या भाकरीचे महत्त्व ओसरू लागले आणि भाकरीबरोबर तिचा तो विशेष अर्थही ओसरू लागला. ‘भाकर खाल्ली का?’ या प्रश्नाच्या जागी तेलुगूतील ‘अन्नम् तिन्नवा?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागला. आणि तेथे अन्नम् म्हणजे भात.

पुढे हा विषय शाळेच्या आवारात आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी केंद्र सरकारची मध्याह्न भोजनाची योजना सुरू झाली. प्रारंभी बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष भोजन दिलेच गेले नाही. मुलामागे दरमहा तीन किलो धान्य दिले जाई आणि ते घरी नेले जाई. म्हणजे नाव भोजनाचे आणि हाती शिधा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, मुलांना शाळेत शिजवलेले अन्नच मिळाले पाहिजे. शिधा आणि शिदोरी, कोरडे आणि सिद्ध, हा जो भेद मराठी गृहिणीला शतकानुशतके ठाऊक होता, तो देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने कायद्याच्या भाषेत मान्य केला असे म्हणता येईल. आंध्र प्रदेशात २००३ साली शिजवलेले अन्न सुरू झाले. २०१४ नंतर तेलंगणात तीच योजना पुढे चालली. महाराष्ट्रात तिला ‘शालेय पोषण आहार’ हे नाव मिळाले. म्हणजे पैनगंगेच्या एका काठावरचे मूल ‘पोषण आहार’ घेते आणि दुसऱ्या काठावरचे ‘मध्याह्न भोजनम्’. दोन्ही नावे संस्कृत, दोन्ही कागदावरची. मुले आपसांत काय म्हणतात, ते वेगळेच असते. पण ते कोणी लिहून ठेवीत नाही.

येथे या विषयातील खरी चिंता उभी राहते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६चा. हे कोश मराठीचे वैभव आहेत आणि जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत ते आजही मानाने उभे आहेत. परंतु कोशकारांची नजर स्वाभाविकपणे पुणे, कोकण, देश यांवर अधिक स्थिरावली. पैनगंगेपलीकडील मराठी ही मराठीच. पण राज्यसीमा पडल्यावर ती कोणाच्याच नोंदवहीत नीट बसली नाही. महाराष्ट्राच्या बोलींचा विचार करताना ती राज्याबाहेरची ठरते. तेलंगणाच्या भाषांचा विचार करताना ती अल्पसंख्याकांची ठरते. मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत. पोटाचा विचार करणाऱ्या पालकाला त्याबद्दल दोष देता येत नाही. परंतु आजी जे ‘भाकर बांधून देते’ म्हणते, ते नातवाला ‘टिफीन’ म्हणून कळते आणि शाळेत ‘भोजनम्’ म्हणून वाढले जाते, तेव्हा मधल्या मध्ये एक अख्खा अनुभव नाव हरवून बसतो. त्या अनुभवात सकाळची चूल होती, डोईवरचे फडके होते, बांधावरची वाटणी होती, आणि मागून खाणारी बाई होती.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता पूर्ण करता येते. दुपारच्या जेवणाला मराठीत एक नाव नाही, याचे कारण ते जेवण सर्वांचे एक नव्हते. कोणाचे ते नैवेद्यानंतरचे जेवण होते, कोणाची भाकर, कोणाची सद्दि, कोणाची गटक, कोणाचा डबा. आणि कोणाचे नुसतेच ‘नाहार’, म्हणजे उपाशीपण. जेव्हा एका छताखाली, एका रांगेत, सर्व जातींच्या आणि सर्व भाषांच्या मुलांना एकाच वेळी एकच अन्न वाढले जाऊ लागले, तेव्हा त्याला प्रथमच एका नावाची गरज पडली. ‘मध्याह्न भोजन’ हे नाव कागदी वाटले, तरी त्यामागची घटना कागदी नाही. मात्र त्या नव्या नावाच्या स्वागतासाठी जुन्या नावांचा बळी देण्याची आवश्यकता नाही. आदिलाबादमधील एखादा शिक्षक, एखादा वाचनालयाचा सभासद, आठवडी बाजारात आणि बांधावर ऐकलेले असे शब्द गावाच्या नावासह, बोलणाऱ्याच्या वयासह वहीत लिहून ठेवील आणि ती वही ग्रंथालयात जमा करील, तर त्या वहीचे मोल छापील कोशाहून कमी ठरणार नाही.

तेलुगूत एक म्हण आहे : ‘पेद्दल माट सद्दि मूट’. वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणजे सद्दीचे गाठोडे. मराठीतही आपण अनुभवाची शिदोरी, संस्कारांची शिदोरी म्हणतो. दोन वेगळ्या कुळांच्या भाषा, दोन वेगळ्या व्युत्पत्ती. आणि तरी दोघींनाही ज्ञानासाठी उपमा सुचली ती दुपारच्या त्या गाठोड्याचीच. कोणीतरी आपल्याआधी उठून, आपल्या भुकेचा अंदाज बांधून, काही तयार करून ठेवले आहे, हा त्या उपमेचा अर्थ. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय स्थापन केले, त्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते. आता पुढच्या शंभर वर्षांसाठी भाकरी थापण्याची पाळी आजच्या सभासदांची आहे.